एकाच खुराड्यात पिल्लं, तलंगा आणि कोंबडे: खाद्य कोणतं आणायचं?

खाद्याच्या दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "ब्रॉयलरचं पाहिजे का लेअरचं?" ब्रॉयलर म्हणजे मांसासाठीची कोंबडी, लेअर म्हणजे अंड्यांसाठीची. परसात दहा-पंधरा कोंबड्या पाळणाऱ्याला यातलं एकही नीटसं लागू पडत नाही. दोन्ही गोण्या एका वयाच्या, एका जातीच्या, एका कामासाठी पाळलेल्या हजारो पक्ष्यांसाठी बनलेल्या असतात. आपल्याकडे मात्र दोन गावठी, एक खुडूक बसलेली, चार गिरिराजच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या), कुणी हौसेने आणून दिलेला कडकनाथ, दोन भांडकुदळ कोंबडे आणि एखादीच्या मागे चिवचिवणारी पिल्लं असा सगळा संसार एकाच अंगणात असतो. या सगळ्यांपुढे एकच थाळी ठेवायची आहे, तर तिच्यात काय घालायचं, एवढ्यापुरताच हा लेख आहे. लसीकरण, खुराड्याची बांधणी वगैरे इथे नाही.

सुरुवातीला लागणारं सामान

- झाकणाचा पत्र्याचा किंवा जाड प्लॅस्टिकचा डबा (गोणी उंदरांना अडवत नाही)
- दोन-तीन खाद्यभांडी आणि शिंपल्यांसाठी एक छोटी वाटी
- पिल्लांसाठी डालगं किंवा जाळीची चौकट
- साधा तराजू
- गोणीवरचं लेबल, जे फेकायचं नाही

## १. आधी आपल्याकडे कोण कोण आहे ते बघा

कागदावर चार ओळी काढा: आठ आठवड्यांच्या आतली पिल्लं, अंड्यावर न आलेल्या तलंगा, अंडी देणाऱ्या कोंबड्या, कोंबडे. खुडूक बसलेल्या आणि पिसं झडत असलेल्या कोंबड्या अंडी देणाऱ्यांत धरू नका. त्यांची अंडी बंद असतात, त्यामुळे त्यांची गरजही वेगळी असते.

ही यादी केली की बहुतेकांच्या लक्षात येतं की कुठल्याही एका दिवशी खरोखर अंडी देणाऱ्या कोंबड्या निम्म्याहून कमीच असतात. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते, खुडूक होते, एकवीस दिवस उबवते, मग पिल्लं फिरवते. वर्षातले कितीतरी महिने ती अंडी देतच नाही. म्हणजे 'अंड्यांसाठी कोंबड्या पाळल्यात, तर लेअरचं खाद्य आणू' हा हिशेब गावठीच्या बाबतीत पहिल्या पायरीवरच चुकतो.

## २. गोणीवरची नावं ओळखायला शिका

चिक मॅश किंवा लेअर स्टार्टर: प्रथिनं साधारण 20 टक्के, कॅल्शियम 1 टक्का. पहिले आठ आठवडे.

ग्रोअर मॅश: प्रथिनं 16 टक्क्यांच्या आसपास, कॅल्शियम 1 टक्का. आठव्या आठवड्यापासून पहिलं अंडं दिसेपर्यंत.

लेअर मॅश: प्रथिनं 16 ते 18 टक्के, पण कॅल्शियम 3 ते 4 टक्के. खरा फरक या शेवटच्या आकड्यात आहे.

ब्रॉयलर प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर: प्रथिनं 19 ते 23 टक्के आणि ऊर्जा भरपूर. दीड महिन्यात कोंबडी विक्रीला नेण्यासाठी बनवलेलं.

तालुक्याच्या गावात बहुतेक वेळा शेवटचंच मिळतं, कारण ब्रॉयलरवाल्यांचा खप मोठा. गावठी किंवा गिरिराज, वनराजच्या पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे ब्रॉयलर स्टार्टर चालतं, बिघडत काही नाही. पण मोठ्या कोंबड्यांना फिनिशर कायम घालत राहिलात तर त्या अंगाने सुटतात, पोटात चरबी धरते आणि अंडी कमी होतात. कोंबडी 'छान भरली' म्हणून आपण खूश होतो आणि अंड्यांची टोपली मात्र रिकामी राहते.

मॅश म्हणजे पिठासारखं, क्रम्बल म्हणजे बारीक कण, पेलेट म्हणजे गोळ्या. पिल्लांना क्रम्बल बरं. मॅशमध्ये कोंबड्या मक्याचे दाणे निवडून खातात आणि तळाला नेमकं प्रथिनं-खनिजांचं पीठ उरतं. ते उरलेलं पीठ फेकू नका. थोडं पाणी शिंपडून ओलसर करून संध्याकाळी घाला, चाटून पुसून संपवतात.

## ३. एकच गोणी घ्यायची तर ग्रोअर घ्या

मिश्र कळपाला खाद्य निवडताना जे सर्वात नाजूक असेल त्याच्याकडे बघायचं असतं, आणि कॅल्शियमच्या बाबतीत सर्वात नाजूक पिल्लं आणि तलंगा. लेअर मॅशमधलं तिप्पट-चौपट कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. आठवडेच्या आठवडे तेच पोटात गेलं तर मूत्रपिंडं सुजतात, आत खडूसारखा पांढरा थर धरतो. वरून दिसतं ते एवढंच की पिल्लू सुकत चाललंय, पाणी जास्त पितंय, हगवण पांढरी आहे. लोक औषध शोधत बसतात आणि खाद्यभांड्याकडे कुणी बघत नाही.

कोंबड्यालाही एवढ्या कॅल्शियमची गरज नसते. तो दोन दिवस लेअर मॅश खाऊन आजारी पडत नाही, पण वर्षानुवर्षं तेच खाणं त्याच्याही मूत्रपिंडांना बरं नाही.

उलट बाजूने पाहिलं तर अंडी देणारी कोंबडी ग्रोअर मॅशवर उत्तम राहते, फक्त तिला कवचासाठी कॅल्शियम वरून मिळालं पाहिजे. म्हणून मांडणी अशी: सगळ्यांसमोर 16 ते 18 टक्के प्रथिनांचं, कमी कॅल्शियमचं खाद्य, आणि शिंपले वेगळ्या वाटीत.

कळपात पिल्लं नाहीत, तलंगा नाहीत, सगळ्या कोंबड्या नियमित अंड्यावर आहेत आणि कोंबडा एखादाच आहे, असं असेल तर खुशाल लेअर मॅश घ्या. ग्रामप्रियासारख्या जास्त अंडी देणाऱ्या जाती असतील तर तेच सोयीचं.

इथला सापळा: चिक आणि ग्रोअर खाद्यात पुष्कळदा रक्ती हगवणीवरचं औषध आधीच मिसळलेलं असतं. लेबलवर इंग्रजीत बारीक अक्षरांत सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, मदुरामायसिन असं काही लिहिलंय का ते बघा. असं खाद्य अंडी देणाऱ्या कोंबडीला देऊ नये, कारण औषधाचा अंश अंड्यात उतरू शकतो. परसात टर्की असतील किंवा दारात घोडा बांधलेला असेल तर त्यांना यातली औषधं विषासारखी ठरू शकतात. गोणी घेताना 'बिनऔषधाची आहे का' हे स्पष्ट विचारा, आणि उत्तर तोंडी न घेता लेबलवर वाचा.

## ४. शिंपल्यांची वाटी

एका अंड्याचं कवच साधारण 6 ग्रॅम भरतं, त्यात कॅल्शियम 2 ग्रॅमच्या वर. शंभर ग्रॅम ग्रोअर मॅशमधून कोंबडीला मिळणार एक ग्रॅम, त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. उरलेलं ती स्वतःच्या हाडांतून काढते. पातळ कवच, कवचाविना पडलेलं अंडं आणि शेवटी पाय धरलेली कोंबडी असा तो प्रवास असतो.

उपाय स्वस्त आहे. शिंपल्याचा चुरा कोकणात किनाऱ्यावर फुकट आहे, बाकी ठिकाणी खाद्याच्या दुकानात 'शेल ग्रिट' म्हणून मिळतो. ज्वारीच्या दाण्याएवढा जाडसर घ्या, पावडर नको. कवचाचं बरंचसं काम रात्री चालतं, कोंबडी झोपलेली असताना. जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळतात आणि रात्रभर पुरतात. पावडर संध्याकाळीच संपून जाते.

वाटी कायम भरलेली ठेवा आणि खाद्यात मिसळू नका. ज्या कोंबडीला गरज असते तीच तिथे जाऊन खाते. तलंग पहिल्यांदा त्या वाटीत चोच मारायला लागली की अंडं जवळ आलं असं समजायला हरकत नाही. घरच्या अंड्यांची टरफलंही चालतात. धुऊन, उन्हात किंवा तव्यावर कडक वाळवून, चुरून घाला. अख्खं अर्ध टरफल टाकलंत तर अंडी फोडून खायची सवय तुम्हीच लावाल.

शिंपले आणि खडे यांची गल्लत करू नका. आपण कलेजी-पेटा आणतो त्यातला पेटा म्हणजे कोंबडीचं जातं, आणि त्या जात्याला दाणा भरडायला कठीण बारीक खडे लागतात. मोकळ्या कोंबड्या ते मातीतून उचलतात. गच्चीवर किंवा जाळीत बंद असतील तर धुतलेली जाडसर वाळू वेगळी ठेवा. शिंपला पोटात विरघळतो, त्यामुळे तो खड्याचं काम करत नाही.

उन्हाळ्याची एक गोष्ट. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत शिंपले भरपूर असूनही कवच पातळ पडतं. कोंबडी धापा टाकते, धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचासाठी लागणारं कार्बोनेट कमी पडतं, शिवाय खाणंही कमी होतं. तेव्हा खाद्य बदलू नका. सावली, गार पाणी आणि खाणं पहाटे व दिवस मावळताना, इतकं पाहा.

## ५. पिल्लांसाठी आडोसा

आईबरोबरची पिल्लं मोठ्यांच्या थाळीत टिकत नाहीत. एक तर टोचा खातात, नाहीतर उपाशी राहतात. डालगं विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खालून दोन-अडीच इंचांची फट राहील. आत चिक मॅश ठेवा. पिल्लं सुळकन आत जातात, मोठ्या बाहेर माना घालून बघत बसतात. पिल्लं वाढली की फट वाढवा.

आई सुरुवातीचे दिवस पिल्लांच्याच खाद्यावर राहिली तर उत्तम. ती उबवणीत बरीच वाळलेली असते, अंडी बंद असतात, जास्त प्रथिनं तिलाही हवीच असतात. पिसं झडणाऱ्या कोंबडीचंही तसंच. पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच बनलेलं असतं, म्हणून त्या काळात मूठभर सुकट किंवा थोडी जास्त सोयापेंड द्या.

एका पिल्लाला पहिल्या आठवड्यात रोज दहा ग्रॅमच्या आसपास लागतं, आणि आठ आठवडे मिळून दीड ते दोन किलो. दहा पिल्लांसाठी चिक मॅशची 50 किलोची गोणी घेऊ नका, निम्मी पडून राहील. दुकानदाराकडून सुटं घ्या, पण गोणी तुमच्यासमोर फोडलेली असावी.

मोठ्या कोंबडीला, ती पूर्ण बंद असेल तर, दिवसाला 100 ते 120 ग्रॅम. दिवसभर शेतात, उकिरड्यावर फिरत असेल तर संध्याकाळी 40-50 ग्रॅम पुरतं. सुगीत त्याहून कमी, भर उन्हाळ्यात किडे आणि गवत संपलेलं असतं म्हणून जास्त. संध्याकाळीच घालण्यात आणखी एक सोय आहे: कोंबड्या आपसूक घरी परततात. खाद्याच्या दुप्पट पाणी, उन्हाळ्यात त्याहून अधिक.

## ६. घरीच मिसळायचं असेल तर

मका, ज्वारी घरची असेल तर विकतची गोणी महागच पडते. पण 'घरचं धान्य' म्हणजे 'पूर्ण आहार' असं होत नाही. मक्यात प्रथिनं 9 टक्के, ज्वारीत 10, बाजरीत 11-12. नुसत्या दाण्यावर कोंबडी जगते, अंडी मात्र हात राखून देते.

पेंड किती घालायची ते चौकोनाच्या हिशेबाने काढा. समजा 17 टक्के हवेत, मका 9 चा, सोयापेंड 45 ची. तिरपी वजाबाकी करा: 45 वजा 17 म्हणजे 28 भाग मका, 17 वजा 9 म्हणजे 8 भाग पेंड. 36 भागांत 28 आणि 8, म्हणजे दहा किलोत 7.8 किलो मका आणि 2.2 किलो पेंड. कुठल्याही दोन जिनसांना हा हिशेब लागू पडतो.

लहान पिल्लं सोडून सगळ्या कळपाला चालेल असं दहा किलोचं मिश्रण:

- मक्याचा भरडा साडेपाच किलो
- ज्वारी किंवा तांदळाची कणी 1 किलो
- गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा 1 किलो
- सोयापेंड (तेल काढलेली, 'डीओसी' मागा) 2 किलो 100 ग्रॅम
- शिंपला चुरा 150 ग्रॅम (एवढाच; अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांची वाटी वेगळी राहतेच)
- डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) पावडर 100 ग्रॅम
- कोंबड्यांचं मिनरल मिक्स्चर 100 ग्रॅम
- मीठ 30 ग्रॅम
- व्हिटॅमिन प्रीमिक्स पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात

प्रथिनं साधारण साडेसोळा टक्के भरतात, कॅल्शियम एक टक्क्याच्या थोडं वर. मीठ, खनिजं, व्हिटॅमिन आधी किलोभर भरड्यात नीट कालवा आणि मग ते बाकीच्यात मिसळा, नाहीतर एकीच्या वाट्याला सगळं मीठ येतं. एका वेळी पंधरा-वीस दिवसांपुरतंच करा. लहान पिल्लांना हे मिश्रण पुरेसं नाही, त्यांना चिक मॅशच.

लातूर-धाराशिवकडे सोयाबीन घरात असतं म्हणून कच्चंच भरडून घालायचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रथिनं पचूच देत नाही. भाजून घालावं लागतं, आणि तरीही तेलामुळे बेतानेच.

अझोला (पाण्यावर तरंगत वाढणारी वनस्पती), शेवग्याचा पाला, लसूणघास हे सगळं चांगलं. बलक पिवळाधमक होतो आणि गिऱ्हाईक खूश. मात्र 'अझोला घाला, खाद्याचा खर्च शून्य करा' असले व्हिडिओ बघून गोणी बंद करू नका. ताज्या अझोल्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. तो तोंडीलावणं आहे, जेवण नाही.

## ७. हे मात्र घालू नका

बीजप्रक्रिया केलेलं बियाणं. पेरणीनंतर उरलेला गुलाबी-लाल मका किंवा सोयाबीन 'वाया कशाला घालवायचं' म्हणून कोंबड्यांपुढे येतं. त्यावर चोळलेल्या थायरमसारख्या औषधाने अंडी मऊ कवचाची पडतात, पिल्लांचे पाय वाकडे होतात. धुऊनही नको. साठवणीत विषारी गोळ्या टाकलेलं धान्यही नको.

सरकी पेंड. गोठ्यात असते म्हणून हात तिकडे जातो. तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्यांचे बलक हिरवट-तपकिरी पडतात. एरंडी, निंबोळी आणि करंज पेंड तर खतंच आहेत, त्यांच्या गोण्या खाद्याच्या शेजारीही ठेवू नका.

गाई-म्हशींचं तयार पशुखाद्य. त्यात युरिया असू शकतो. रवंथ करणाऱ्या जनावराला तो चालतो, कोंबडीला नाही.

खारट पदार्थ. फरसाण, लोणच्याचा खार, पापडाचे तुकडे, खारवलेले मासे. पिल्लांना मीठ फार लवकर बाधतं. सुकट घ्यायची तर बिनमिठाची वाळवलेली घ्या. चाखून बघा, जिभेला कळतं.

उरलेला भात, भाकरी, भाजीची देठं घाला, पण त्याच दिवशीची, आणि दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शापर्यंतच. आंबलेलं, बुरशीचं, लग्नाच्या पंगतीतलं दुसऱ्या दिवशीचं नको. कांद्याच्या साली ढिगाने नकोत. लग्नसराईत शेजारीपाजारी प्रेमाने पातेलंभर आणून देतात. प्रेम ठेवून घ्या, पातेलं उकिरड्याच्या खड्ड्यात पुरा.

## ८. बुरशी: खरा शत्रू

1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी अचानक दगावले. कारण निघालं ब्राझीलहून आलेली बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड, आणि त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. आपल्याकडे शेंगदाणा पेंड आणि मका हेच तर मुख्य माल, आणि पावसाळा चार महिन्यांचा. हे विष यकृत पोखरतं. बुरशी डोळ्यांना दिसत नसली तरी ते असू शकतं आणि उन्हात वाळवून किंवा भाजून पूर्ण जात नाही. बदकाची पिल्लं तर अगदी थोड्यानेही मरतात, म्हणून बदकं असतील तर डोळ्यांत तेल घालून बघा.

मका घेताना मूठ गच्च दाबा आणि एक दाणा दाताखाली धरा. कट्‌कन फुटला तर वाळलेला, चेपला तर ओला. परतीच्या पावसात सापडलेला ऑक्टोबरचा नवा मका स्वस्त मिळतो तो उगीच नाही. खाद्यात हात घातल्यावर गरम लागलं, गठ्ठे निघाले, कुबट वास आला, तर ते खाद्य संपलं समजा. 'चांगल्यात मिसळून संपवू' हा विचार करू नका.

गोणी भिंतीला टेकवून, जमिनीवर ठेवू नका. खाली फळी, भिंतीपासून वीतभर लांब. बनवल्याची तारीख बघून घ्या आणि महिनाभरात संपेल एवढंच घ्या. कोकणात जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांचंच बरं. नवी गोणी जुन्यावर ओतू नका, डबा पुसून, कोरडा करून भरा.

## ९. बदल करताना आणि बदलानंतर

नवं खाद्य एकदम सुरू केलंत तर कोंबड्या तोंड फिरवतात आणि अंडी आठवडाभर थांबतात. पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण, आठवड्याने पूर्ण. मॅशवरून पेलेटवर जाताना जास्त वेळ द्या.

जमलंय की नाही ते तीन ठिकाणी दिसतं. रात्री खुराड्यात कोंबडीच्या छातीवरची अन्नपिशवी हाताला भरलेली लागली पाहिजे. छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस असावं, हाड सुरीसारखं टोचू नये. आणि अंड्याचं कवच.

मात्र पातळ कवचाचं खापर दर वेळी खाद्यावर फोडू नका. मानमोडीतही (राणीखेत रोगात) अंडी अचानक घटतात, कवचं वेडीवाकडी पडतात. खाद्य बदललेलं नसताना दोन-तीन दिवसांत अंडी निम्म्यावर आली, हगवण हिरवी झाली, मान वाकडी दिसली, तर तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. मेलेली कोंबडी शवविच्छेदनाला नेणार असाल तर गारव्यात ठेवून त्याच दिवशी न्या, प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत. सोबत चालू गोणीतलं अर्धा किलो खाद्य कागदी पिशवीत घ्या, वरचं-मधलं-तळाचं थोडं थोडं, आणि जपून ठेवलेलं ते लेबल. डॉक्टर पहिला प्रश्न 'काय खायला घालता?' हाच विचारतात.